हत्तीच्या जागी मी

मित्रांनो, मी एक जुना राखाडी चेंडू आहे; पण मला आजवर कुणी फेकलं नाही की झेललं नाही. माझ्या पोटात काठी खोचलेली आहे. सिनेमाच्या चित्रीकरणात जो आलेलाच नाही, त्याच्या जागी उभं राहायचं, हे माझं काम.

समजा, एक मुलगी हत्तीला गवत भरवते आहे. हत्ती नंतर संगणकावर बनणार. म्हणून त्याच्या जागी मला धरून फोटो काढतात. माझ्यावर ऊन कुठून पडलं, सावली किती गडद, हे पाहून प्रकाशाचं काम करणारी ताई संगणकातल्या हत्तीवर तसाच उजेड पाडते. अंदाज बांधण्यात जाणारे कित्येक दिवस माझ्या एका फोटोनं वाचतात. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

बारा वर्षांत माझे टवके उडाले. सामानाची खोली सांभाळणाऱ्या काकांना दया आली. त्यांनी मला मायेनं नवा रंग दिला. मी हुरळून गेलो आणि दुसऱ्याच दिवशी अशाच एका हत्तीच्या जागी जाऊन उभा राहिलो.

पुढे हत्तीची चित्रं काढायला चाळीस संगणक चार दिवस राबले, तरी हत्ती आपला चिकटवल्यासारखा पांढुरका. "सोमवारपर्यंत जमलं नाही तर प्रसंगच काढून टाकू," दिग्दर्शक म्हणाले. त्या हत्तीपायी ताईची दोन वर्षं गेली होती. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

शेवटी माझाच संशय येऊन तिनं मला खिडकीपाशी नेलं आणि काठी उपसली. भोकाभोवती जुन्या रंगाचं कडं राहिलं होतं. नवा रंग त्याहून फिका होता.

"काका, याला रंग कुणी दिला?"

"मीच. राखाडीला राखाडीच दिला की. चुकलं का, पोरी?"

"जरा फिका झाला. आणि मी याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. त्यामुळे ऊन जास्त वाटलं आणि हत्तीवर उजेडही जास्त सोडला."

काका मान खाली घालून उभे राहिले. मला मान असती तर मीही घातली असती. ताईनं त्यांना खुर्ची दिली. दोन रंगांतला फरक मोजून तेवढा उजेड उतरवला आणि आधी एकच लहान चित्र काढून पाहिलं.

"आता या हत्तीला हात लावावासा वाटतो," काका हळूच म्हणाले.

प्रसंग वाचला. सिनेमात मी कुठेच नाही, त्याचं मला दुःख नाही. काकांनी कड्याशी ताडून मला पूर्वीचाच रंग दिला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा. पण नटवण्याआधी, त्या काय काम करतात ते विचारा. काका आता विचारतात. परवा माझ्यावरची धूळ पुसण्याआधीही त्यांनी ताईला हाक मारली, "पोरी, कोरडं फडकं चालेल ना?"