जावलोनने चावलेली रोटी

मी रोटी बोलतेय. हसू नका! ताटातली नाही, भिंतीवरची. रिश्तान गावात मुकद्दस आईच्या घरी खिळ्याला टांगलीय मला. चांगली गोल गरगरीत होते, मधोमध नक्षीचा ठसा, वर तीळ. आता एका कडेचा मोठा घास गायब आहे. तो जावलोनने घेतलाय, तिच्या लेकाने.

मी तंदुरातून निघाले त्याच दिवशी तो सरहद्दीवरच्या छावणीकडे निघाला होता. नवाकोरा लेफ्टनंट. खांद्यावर दोन चांदण्या, आणि चालताना सारखा त्यांच्याकडेच बघायचा येडा. आमच्याकडे घरचा माणूस लांब निघाला की ताज्या रोटीचा एक घास खातो. उरलेली भिंतीवर, तो येईपर्यंत उतरवायची नाही. परत येऊन त्यानेच ती संपवायची. रोटी वाट बघत असते, म्हणून त्याला यावंच लागतं म्हणे.

पठ्ठ्याने असला घास घेतला की गाल टम्म फुगले.

"ओ साहेब, आई घास म्हणाली, अर्धी रोटी नाही!" धाकटी बहीण लोबार ओरडली.

"मग काय तुझ्यासाठी ठेवू, उंदरे?" तो भरल्या तोंडानेच म्हणाला.

मग मी लटकले. काय तो कंटाळा! खाली पुलाव काय, तरबूज काय, आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना. आई मात्र फडक्याने धूळ झटकायची. "अजून थोडे दिवस हं," म्हणायची. मला की त्याला, कुणास ठाऊक.

वसंतात त्याचा फोन आला. "आई, सुट्टी मिळाली. उद्या निघतो."

आई अशी हरखली की तिने लगेच मला खाली काढलं, पुसलं आणि दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या चादरीवर, त्याच्या जागेपुढे ठेवलं.

"अगं, त्याला उंबरा तरी ओलांडू दे आधी!" जावलोनचे वडील, एर्गाशबाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. येतोच आहे की."

सकाळी जावलोन छावणीत धावता धावता पडला. कधी साधी सर्दी नाही त्या पोराला. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. घरी आला तो पेटीतून.

"मी उतरवली," आई छाती पिटत होती. "मीच उतरवली ती रोटी. माझ्या हाताने पोर मारलं मी!"

माती झाल्यावर तिने मला परत टांगलं. तेव्हापासून ती अन्नाला शिवत नाही. नुसता चहा. गालाची हाडं वर आलीत.

"मुकद्दस, चहात भिजवून सगळे मिळून खाऊ," बाबा समजावतात. "पोराचं अन्न आहे, नासवायचं नाही."

"हात लावून बघा! त्याची आहे ती."

लोबारला आता चिडवायला कुणी नाही. काल ती आईसमोर बसली. "आई, मी उरलेय ना गं? माझ्यासाठी तरी खा."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे तोंड फिरवलं.

मला कीड लागलीय. त्या घासाच्या कडेपासूनच. त्याच्या दातांच्या खुणा रोज पीठ होऊन खाली पडतायत. तोंड आहे मला, त्यानेच पाडलंय, पण आवाज नाही.

आई, ऐक गं. मी नुसतं पीठ, मीठ, पाणी. त्याला परत आणायची ताकद माझ्यात नव्हती, मग मारायची कुठून येणार? किडे मला संपवायच्या आत खाली काढ. त्याच्या घासाला लागून एक घास घे. दगड झालेय मी, दात दुखतील तुझे. दुखू देत. पण चाव गं, आई.