चालकाचा दोष

सेलूचे चंद्रभान थूल सर कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि त्यानंतर जिल्ह्यात गावोगाव विवेकावर भाषणं देऊ लागले. पुराव्याशिवाय काहीही मानू नका, एवढंच त्यांचं सांगणं. घरात त्यांनी पत्रिका, मुहूर्त, नजर लागणं यांतलं काही येऊ दिलं नव्हतं. घरात एक सोळा वर्षं जुनी लाल पेट्रोल गाडी मात्र होती, आणि तिच्याबद्दल सरांचं ठाम मत होतं की ती फक्त सुनेच्या हातात बंद पडते.

हे मत निरीक्षणातून आलेलं आहे, असं सर म्हणत. ते स्वतः रोज सकाळी गाडी काढून विहारात, तिथून वाचनालयात आणि तिथून भाजीबाजारात जात. गाडी एकदाही अडली नव्हती. सून रोशनी आर्वीकडच्या बचत गटांचं काम बघायची. आठवड्यातून दोनदा ती हीच गाडी घेऊन जाई, आणि काही महिन्यांपासून परतताना दुपारी कुठे ना कुठे गाडी चालता चालता बंद पडे. अर्धा तास उन्हात उभी राहिली की आपोआप सुरू होई. मुलगा रुपेश नागपूरला नोकरीला होता. तो रविवारी यायचा, वडिलांचं ऐकून घ्यायचा, बायकोचंही ऐकून घ्यायचा आणि सोमवारी पहाटे निघून जायचा.

सुरुवातीला सरांनी गाडीवरही संशय घेतला होता. वाचनालयातल्या एकाने सांगितलं म्हणून बॅटरी बदलली, दुसऱ्याने सांगितलं म्हणून प्लग, आणि व्याह्यांनी सांगितलं म्हणून पेट्रोलचा पंप. मिस्त्री हिरालालने तीन वेळा स्कॅनर लावून पाहिला. पण गाडी त्याच्या गॅरेजात पोचेपर्यंत थंड झालेली असे आणि पहिल्या चावीला सुरू होई. स्कॅनरवर काही येत नसे. तेव्हा सरांनी निष्कर्ष काढला. यंत्रात दोष नाही, म्हणजे चालकात आहे.

मग दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर रोशनीचे क्लच सोडण्याचे धडे सुरू झाले. ती सात वर्षं गाडी चालवत होती. सर शेजारी बसून पायाची टाच कुठे टेकवायची ते समजावून सांगत, आणि मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघत. घरी येऊन रोशनीने एका वहीत गाडी कधी, कुठे, किती वेळ चालल्यावर बंद पडली ते लिहायला घेतलं. चौदा नोंदी झाल्यावर ती वही आणि गाडी घेऊन एकटीच हिरालालकडे गेली.

हिरालालने हात पुसून वही वाचली. गाडी दर वेळी दुपारी, लांबून आल्यावर बंद पडली होती. त्यातही कुठेतरी दहा-पंधरा मिनिटं उभी करून पुन्हा काढली की हमखास. आणखी एक गोष्ट तिने लिहिली होती. बंद पडल्यावर चावी फिरवली की स्टार्टर फिरायचा, पण इंजिनचा वेग दाखवणारी आरपीएमची सुई शून्यावरून हलायची नाही.

"हे पह्यले काऊन नाई सांगितलं ताई?" हिरालाल म्हणाला.

"तुम्ही दर वेळी सरांनाच विचारत होता," रोशनी म्हणाली.

हिरालालने वही मिटली. त्याने बॉनेट उघडून इंजिनच्या खालच्या अंगाला बसवलेला एक अंगठ्याएवढा काळा तुकडा दाखवला. तो क्रँक सेन्सर. इंजिन फिरत आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरला तो कळवतो. जुना झाला की इंजिनच्या तापाने मुका होतो, आणि तो मुका झाला की कॉम्प्युटर पेट्रोलही देत नाही आणि ठिणगीही. थंड झाला की पुन्हा बोलायला लागतो. हाच बदलून टाकू, असं म्हणून हिरालालने तिथूनच सरांना फोन लावला आणि वहीतल्या चौदा नोंदीही सांगितल्या. सरांनी साफ नकार दिला. आधी तीन वस्तू अंदाजाने बदलून झाल्या होत्या. आता पुराव्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही.

"मंग पुरावाच देऊन टाका त्याईले," फोन ठेवून हिरालाल म्हणाला. गाडी पुन्हा बंद पडली की वाट बघत बसायचं नाही. गार पाण्यात फडकं भिजवून, पिळून, फक्त त्या सेन्सरवर दाबून धरायचं. लगेच सुरू झाली तर दोष त्याचाच.

रोशनीने डिकीत पाण्याची बाटली आणि फडकं ठेवलं. त्यानंतर तीन आठवडे अवकाळी आभाळ भरून राहिलं, हवा गार झाली, आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. क्लचच्या धड्यांचा गुण आला, असं सरांनी वाचनालयात सांगितलं.

एप्रिलच्या शेवटी आष्टीच्या एका मंडळाने सरांना भाषणाला बोलावलं. विषय होता 'पुरावा म्हणजे काय'. त्या दिवशी ऊन कडक होतं. सर स्वतः गाडी चालवत होते, शेजारी रोशनी होती आणि मागे सरांच्या पत्नी कांताबाई. आर्वीत रसवंतीवर थांबून तिघांनी रस प्यायला आणि पुन्हा निघाले. तळेगाव मागे पडलं आणि थोड्याच वेळात गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली.

सरांनी चावी फिरवली. पुन्हा फिरवली. टाच नीट टेकवून तिसऱ्यांदा फिरवली. एरवी घरातही पुस्तकी मराठी बोलणारे सर गाडीला म्हणाले, "आता काऊन बंद पडली हे?"

"तुमची टाच चुकली असंन," मागून कांताबाई म्हणाल्या.

सर खाली उतरले. आर्वीतलं पेट्रोल भेसळीचं असणार, असं त्यांनी जाहीर केलं. पेट्रोल आर्वीत भरलंच नव्हतं, हे कांताबाईंनी लक्षात आणून दिलं. तोवर रोशनीने बॉनेट उघडलं होतं. तिने फडकं भिजवलं, पिळलं आणि वाकून हात खाली घातला. कोपराला गरम लोखंड लागलं, पण तिने फडकं सोडलं नाही. दोन मिनिटांनी तिने पुन्हा भिजवून धरलं. मग म्हणाली, "बाबा, आता लावा."

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. सरांनी घड्याळ पाहिलं. रोशनीने कोपर ओढणीत गुंडाळलं. तिला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "चला, उशीर होतोय."

आष्टीत सर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी लिहून आणलेले कागद बाजूला ठेवले. "आज येताना रस्त्यात आम्ही एक प्रयोग केला," अशी त्यांनी सुरुवात केली. नऊ महिन्यांचं निरीक्षण, तापमानाचा संबंध, स्थिर राहिलेली सुई, ओलं फडकं, सगळं त्यांनी इतकं सुरेख सांगितलं की लोकांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. चौदा नोंदींचाही उल्लेख झाला. त्या कोणी केल्या, ते मात्र राहून गेलं.

परतताना गाडी रोशनीने चालवली. बऱ्याच वेळाने ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, नऊ महिन्यांत गाडी नेमकी कधी बंद पडते, हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाही."

सरांनी खिडकीची काच थोडी खाली केली. पुढच्या भाषणात दुरुस्ती करतो, असं ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हिरालालने सेन्सर बदलला आणि गाडी भर दुपारीही बिनतक्रार चालू लागली. रविवारचे धडे कोणी बंद केले नाहीत, ते नुसते झाले नाहीत. सरांनी शब्दही पाळला. मे महिन्यात सेलूतच भाषण होतं, तिथे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हा दोष त्यांच्या सुनेने शोधला, त्यांच्या मार्गदर्शनाखाली.

रोशनी त्या दिवशी गटाच्या बैठकीला गेली होती. पुढचं तिला रात्री जेवताना कांताबाईंनी सांगितलं. भाषण संपल्यावर प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा त्या स्वतः तिसऱ्या रांगेतून उठल्या होत्या. मार्गदर्शन नेमकं कोणतं केलं, एवढंच त्यांनी विचारलं.

"मंग?" रोशनीने विचारलं.

"प्रश्न चांगला आहे म्हणाले," कांताबाई म्हणाल्या, "आन् दुसऱ्याले विचाराले लावलं."

सर समोरच बसले होते. त्यांनी वरणाचं भांडं जवळ ओढलं आणि भातावर वरण घेतलं.