फुलीवर थांबलेली गाडी

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही. मी बर्लिनचा नकाशा. निदान मला तरी तसं वाटत होतं.

माझा जन्म पश्चिम बर्लिनमधल्या एका छापखान्यातला. १९८३च्या हिवाळ्यात पुण्याचे यशवंतराव तिथे सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला आले होते. त्यांनी मला रस्त्यावरच्या टपरीतून घेतलं. तेव्हा शहराच्या मधोमध भिंत होती आणि तिची जाड रेघ माझ्या पोटातून जात होती. भिंतीजवळची काही स्टेशनं बंद होती, गाडी तिथे न थांबता पुढे जायची. अशा स्टेशनांवर माझ्या अंगावर फुल्या होत्या.

एका रविवारी यशवंतराव भिंतीलगतच्या पोट्सडामर प्लाट्स या चौकात गेले. तिथे भिंतीपलीकडचं बघायला लाकडी मचाण होतं. पलीकडे नुसतं बर्फाचं माळरान. गारठलेल्या बोटांनी त्यांनी तिथूनच नव्या नवरीला, मालिनीबाईंना, पत्र लिहिलं. माझ्यावर पेन्सिलने गोल करून बाजूला लिहिलं, ‘इथे मालिनीला आणायचं.’

पुण्यात माझं काय कौतुक झालं! मला खाकी कागदाचं कव्हर घातलं, पाहुणा आला की मला पसरायचे. मग पाहुण्यांना कंटाळा आला आणि मी डांबरगोळ्यांबरोबर ट्रंकेत गेलो. वीसेक वर्षं कुणी विचारलं नाही.

२००९च्या जानेवारीत मला अचानक बाहेर काढलं. मुलगा तनय जर्मनीतच वोल्फ्सबुर्गला इंजिनिअर होता आणि आईबाबा त्याच्याकडे आले होते. एक दिवस तिघं बर्लिनला आले. तनयची तिथे मीटिंग होती. त्याने चारला स्टेशनवर भेटायचं ठरवलं आणि बाबांना नवा नकाशा देऊ केला. यशवंतरावांनी तो घेतला नाही. त्यांचं म्हणणं, हा चांगला आहे की, कोपराच काय तो फाटलाय. आणि बर्लिन तर त्यांना तोंडपाठ!

मित्रांनो, मी तर पार चक्रावलो. माझ्यावर जिथे एवढंसं स्टेशन होतं, तिथे काचेची केवढी तरी इमारत. ब्रांडेनबुर्ग दरवाजापुढे माझी जाड रेघ, तर लोक कॉफी पीत खुशाल तिच्यावरून चाललेले. मी चुकलो की हे शहर चुकलं, कळेना.

मालिनीबाईंचे गुडघे दुखायला लागले म्हणून दोघं गाडीत बसली. एकच स्टेशन, पोट्सडामर प्लाट्सला, जायचं होतं. पण माझ्यावर त्या स्टेशनावर फुली! यशवंतरावांनी बायकोला समजावलं की इथे गाडी थांबत नाही, पुढच्या स्टेशनला उतरून मागे चालायचं.

गाडी थांबली.

दाराशी उभ्या मालिनीबाईंनी पाटी वाचली. ते नाव त्यांना पत्रातून पाठ होतं. “अहो, आलं ना!” म्हणत त्या उतरल्या. यशवंतराव माझ्यावरच्या फुलीवर बोट ठेवून बसून राहिले, आणि दार बंद झालं.

बाईंकडे फोन नाही, जर्मन येत नाही, बाहेर उणे सात. यशवंतरावांचा चेहरा कागदासारखा झाला. पुढच्या स्टेशनला उतरून ते उलट्या गाडीने धापा टाकत परत आले. फलाटावर बाई नव्हत्या. वर रस्त्यावर आले, तर मचाण नाही, माळरान नाही, सगळीकडे उंच उंच इमारती. मला उलटा धरला, सुलटा धरला. मी काय सांगणार? मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आणि मग दिसल्या. भिंतीचे काही तुकडे आठवण म्हणून तिथे उभे ठेवले होते. त्यातल्या एकाला पाठ टेकून मालिनीबाई मफलर घट्ट धरून उभ्या होत्या.

त्या म्हणाल्या, “तुम्हीच पत्रात लिहिलं होतंत, भिंत आली की रस्ता संपतो. म्हणून थांबले.”

त्यांनी बायकोचे गार हात आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. नंतर बाकावर बसून मला उघडलं, फुली खोडली, आणि जुन्या ओळीखाली लिहिलं, ‘आणलं.’

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या कागदांना जपा, फाटलो तर चिकटवा. पण शेजारचं माणूस ‘आलं’ म्हणालं, तर आधी मला मिटा आणि उतरा. मी अजून गोंधळलेलाच आहे, पण एवढं मला कळलं. कारण मालिनीबाईंनी लगेच पेन्सिल मागून घेतली आणि ‘आणलं’वर काट मारून लिहिलं, ‘माझी मी आले. हे मागून आले.’