पाटीवरचं नाव

"बाबा, तुम्ही घरातल्या स्विचलासुद्धा लाल पाटी का लावता?"

सुचेताने विचारलं आणि विचारता विचारताच तिला कळलं की हे जेवताना विचारायला नको होतं. आईने भाताचा डाव पातेल्यात तसाच ठेवला. बाबा ताटाकडे बघत राहिले.

प्रश्न खरं तर तिचा नव्हताच. सोनागिरीच्या वळणावर उसाचा रस पिताना सरोजने पैज लावली होती. "आजकल तो तू सबको सब पूछती है. अपने पापा से पूछके दिखा. तुमच्या घरी मिक्सर पुसायचा तरी बोर्डावर पाटी लटकते, ये क्या चक्कर है?" बाकीच्या पोरी खिदळल्या. सुचेताही हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने हसली.

"आजकल" हा शब्द मात्र सरोजने बरोबर वापरला होता. हजेरीला "प्रेझेंट" म्हणतानासुद्धा पुटपुटणारी ही मुलगी हिवाळ्यात शाळेच्या वादविवाद स्पर्धेत चुकून उभी राहिली, चुकून जिंकली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप म्हणून राहिलं नव्हतं. भाजीवाल्याशी ती भांडत होती, प्रिन्सिपल मॅडमना खेळाच्या तासावरून जाब विचारत होती, बसमध्ये पाय पसरून बसलेल्या काकांना सरकायला लावत होती. एकाच माणसाला काही विचारायला अजून जीभ रेटत नव्हती. ते समोर बसले होते.

"सवय," बाबा म्हणाले आणि त्यांनी आमटीची वाटी उचलली.

आधीचे बाबा असते तर असं एका शब्दात सुटले नसते. बाबा म्हणजे केशव, कारखान्यातल्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे फोरमन, आणि टाऊनशिपच्या अर्ध्या क्वार्टरांमधले कूलर दर उन्हाळ्यात सुरू करून देणारा माणूस. पाटीची पद्धत त्यांनी कारखान्यातूनच घरी आणली होती. तिथे कुणाला मशीनच्या आत हात घालायचा असला की आधी वीज बंद करायची, स्विचला आपल्या नावाची लाल पाटी अडकवायची, आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची. मग साहेब येऊन उभा राहिला तरी बेहत्तर. घरच्या मीटरबोर्डाशेजारी खिळ्याला एकच पाटी टांगलेली असे. तिच्यावर बाबांच्या ठसठशीत अक्षरात "काम चालू आहे" आणि खाली "केशव". ती स्विचवर दिसली की आईसुद्धा गीझरला हात लावत नसे. "पाटी आहे," एवढं म्हणून सगळे गार पाण्याने आंघोळ उरकत.

पण एप्रिलच्या शेवटी बाबांना हृदयाचा झटका आला. हॉस्पिटलमधून परत आले ते अर्धेच आले असं सुचेताला वाटे. आवाज तोच, पण त्यातून शब्द मोजून बाहेर पडत. डॉक्टरांनी बजावलं होतं की ऊन नको, घाम नको, जोर लावायचा नाही, आणि खोली थंड पाहिजे. भोपाळचा मे महिना आणि म्हणे खोली थंड. तेवढ्यासाठी त्यांचा एसी होता. थंडीत गरम हवा देणारा आणि उन्हाळ्यात गार, असा तो दोन्हीकडचा एसी बाबांनीच निवडून आणला होता. रात्रंदिवस तो चालू होता आणि त्याच्याखाली बाबा पडून होते.

टी. टी. नगरहून इंदूआत्याचा रोज फोन येई. "दादा, इकडे ये ना. आमची मागची खोली रिकामी आहे, तीही गारेगार." बाबा फोन आईच्या हातात देत. लहानपणी ज्या बहिणीला त्यांनी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत पोचवलं, तिच्या दारात आजारी म्हणून जाऊन पडायचं हे त्यांना सोसवत नव्हतं. "माझ्या घराचं काय झालंय?" एवढंच ते म्हणत.

पैजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घराला काहीतरी झालंच.

आई औषधं आणायला टाऊनशिपच्या दवाखान्यात गेली होती. बाबांना डुलकी लागली होती. सुचेता शेजारी पुस्तक घेऊन बसली होती. कपाळावर घाम आला तेव्हा तिने वर पाहिलं. एसीतून वारा येत होता, पण तो नुसता पंख्याचा, कोमट. हिरवा दिवा उघडझाप करत होता. तिने रिमोटने बंद केला, चालू केला. परत बंद, परत चालू. मग बोर्डाकडे जाऊन एसीचा स्विच खाली ओढला आणि लगेच वर केला. खट्, खट्.

"सुचे." बाबा जागे झाले होते. "त्याला मारतेस कशाला?"

"गार करत नाहीये. तुम्ही झोपा, मी बघते."

"तू बघतेस." ते हसले नाहीत, पण हसण्याच्या जवळपास आले. "मग नीट बघ. रिमोटने बंद कर. आता बोर्डावरचा एसीचा मेन खाली. पाटी लाव. आणि थांब. बाहेरच्या मशीनला दम खाऊ दे, लगेच चालू केलंस तर त्याचा कॉम्प्रेसर घायकुतीला येतो."

उशीवर डोकं ठेवूनच ते सांगत गेले आणि ती करत गेली. कितीतरी दिवसांत ते इतकं बोलले नव्हते, म्हणून तिने मुद्दाम सोप्या गोष्टीही दोनदा विचारल्या. आतल्या युनिटचं झाकण उचलून जाळ्या काढ. काढल्या. नळाखाली धू, घासू नकोस. धुतल्या, तर बादलीत गढूळ पाणी उतरलं. सावलीत वाळव. आता मागच्या अंगणात जा आणि बाहेरच्या युनिटभोवती काय साचलंय ते बघ. तोंड मोकळं नसेल तर गरम हवा जाणार कुठे? झाडूने बाहेरूनच साफ करायचं, पाणी मारायचं नाही, आत हात घालायचा नाही.

"आणि मग?"

"मग एकदा चालू करून बघायचं. एकदाच. परत बंद पडला तर ते मशीन सांगतंय की मला हात लावू नका. मग मेकॅनिक." एवढं बोलून त्यांना धाप लागली. गोळीची गुंगीही होतीच. ती अंगणात निघाली तेव्हा त्यांचे डोळे मिटत आले होते.

बाहेर ऊन नुसतं तापलेलं नव्हतं, तळपायाला चावत होतं. बाहेरच्या युनिटची जाळी निंबाच्या वाळल्या पानांनी आणि धुळीच्या पुटाने भरून गेली होती. सुचेताने झाडू चालवला. पुटं निघाली, पण आत पंख्याच्या पात्यांपाशी कबुतराने रचलेल्या काड्या अडकून बसल्या होत्या, झाडूच्या हाती लागेनात. जाळीची एक सळी मागेच तुटली होती. तेवढ्या फटीतून तिचा सडपातळ हात आरामात जात होता. आत हात घालायचा नाही हे तिने ऐकलं होतं. पण मेन बंद होता, पाटी लावलेली होती, आणि बाबा उठतील तेव्हा खोली गार झालेली असेल हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर इतकं स्वच्छ होतं की तिने हात घातला. एक काडी काढली. दुसरी. तिसरी पात्याच्या मागे वाकून बसली होती, ती धरून ओढू लागली.

घरातून बारीक "टिंग" ऐकू आलं.

तो आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता. मेनमधून वीज आली की आतलं युनिट असं वाजतं. पण आत तर कुणी उठलेलं नव्हतं, आणि पाटी होती. हे सगळं डोक्यात यायच्या आत तिचा हात आपसूक बाहेर आला, कोपराला सळीने लांब ओरखडा काढत. काडी आतच राहिली. ती जाळीकडे बघत उभी राहिली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आत काहीतरी घुमलं, पातं हललं, आणि त्या काडीचे तुकडे जाळीवर ताडताड आपटले.

आत आई रिमोट हातात धरून एसीखाली उभी होती. डोक्यावर अजून ओढणी, खांद्याला औषधांची पिशवी तशीच. दुसऱ्या हातात लाल पाटी.

"अगं, होतीस कुठे? हे बघ कसे घामाने भिजलेत. आणि तू एसी बंद ठेवून..." आईचं लक्ष सुचेताच्या कोपराकडे गेलं आणि ती थांबली.

"आई, मी मागे होते. माझा हात आत होता."

आईने पाटीकडे पाहिलं, मग बाबांकडे. "पण हे तर इथे झोपलेत," ती म्हणाली. आवाज एकदम खाली गेला होता. "पाटी ह्यांची. मला वाटलं ह्यांनीच मघाशी उठून लावली आणि काढायची विसरून झोपले. नाव ह्यांचं, आणि हे डोळ्यांसमोर बिछान्यात. म्हणून मी..."

ती खाली बसली. पिशवीतली बाटली फरशीवर घरंगळली, कुणी उचलली नाही.

बाबा उठून बसले होते. कुणी आरडाओरडा केला नव्हता, तरी त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी आधी सुचेताचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक करून वाकवून पाहिली.

"कुणाच्या नावाची पाटी लावलीस?"

"तुमच्या. एकच तर आहे."

"स्वतःचं नाव लाव म्हणून मीही नाही सांगितलं," ते म्हणाले. मग एसीच्या वाऱ्याकडे बघत ते बोलू लागले. "दत्तू म्हणून एक पोरगा होता आमच्याकडे. नुकताच लागला होता, त्याच्या नावाची पाटी अजून बनून आली नव्हती. शांतारामने आपली दिली. मायेनेच दिली. दत्तू आत शिरला, शांताराम चहाला गेला. पलीकडच्या माणसाने विचारलं, शांताराम कुठाय? लोक म्हणाले, हा काय, कँटीनमध्ये बसलाय. त्याला वाटलं, ज्याचं नाव आहे तो सुखरूप आहे. त्याने पाटी काढली आणि मशीन चालू केलं."

सुचेताने आपली बोटं मुठीत मिटून घेतली.

"नावात काय असतं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही," बाबा म्हणाले. "पाटी स्विचसाठी नसते, सुचे. आतल्या माणसासाठी असते. काल तू विचारलंस ना."

आईने डोळे पुसले आणि उठून तिच्या कोपराला हळद लावली. कुणी कुणाला बोल लावला नाही.

मग बाबांनी सगळं पहिल्यापासून करायला लावलं. मेन खाली. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर सुचेताने स्वतःचं नाव लिहिलं आणि तो स्विचला अडकवला. आई बोर्डापाशी पाठ टेकून उभी राहिली, जणू कुणी चालून येणार होतं. सुचेताने लांब दांड्याच्या चिमट्याने बाहेरूनच उरलेल्या काड्या ओढून काढल्या, वाळलेल्या जाळ्या आत बसवल्या, परत येऊन दोन्ही हात वर करून दाखवले. पुठ्ठा तिनेच काढला. मग थांबले तिघंही. बाबांनी मान हलवल्यावर तिने मेन वर केला.

टिंग. वारा आला. थोड्या वेळाने तो गार झाला, खरोखरचा गार, आणि आईने डोळे मिटून घेतले. बाबा उशीला टेकले. "जमलं तुला," ते म्हणाले, आणि सुचेताला वाटलं, वादविवादाची ढाल कुणीही परत घेऊन जावी, हे दोन शब्द तेवढे ठेवावेत.

ऊन कलायच्या आत हिरवा दिवा परत उघडझाप करू लागला. बोर्डात खट् झालं. स्विच आपणहून खाली पडला होता.

आईने मेकॅनिकला फोन लावला. "सीझन है, बहनजी, कल दोपहर से पहले नहीं होगा," पलीकडून ऐकू आलं. खोली पुन्हा तापू लागली. बाबांच्या ओठावर घामाचे थेंब दिसू लागले, आणि ते हाताच्या पाठीने ते कुणाच्या लक्षात येणार नाहीत असे पुसत होते.

"सुचे, अजून एकदा वर कर," ते म्हणाले.

ती बोर्डाजवळच उभी होती.

"तुम्ही म्हणालात, एकदाच."

"म्हणालो. पण मला अनुभव आहे. कधीकधी दुसऱ्यांदा धरतं."

"अहो, नको," आई म्हणाली. "इंदूवन्सं रोज बोलावतायत. एक रात्रीचा तर प्रश्न आहे."

"मी कुठेही जाणार नाही. माझं घर आहे हे. वर कर म्हणतो ना." आवाज चढवायला गेले आणि मध्येच श्वास तुटला. त्यांनी छातीवर हात ठेवला नाही, पण ठेवता ठेवता आवरला. ते सुचेताने पाहिलं.

तिला कळलं की बाबांचा हट्ट एसीसाठी नाही. त्यांना इथेच राहायचं आहे, लोकांचे कूलर सुरू करून देणारा माणूस म्हणून, आणि त्यासाठी आयुष्यभर पाळलेली गोष्ट मोडायलाही ते तयार आहेत. तिला रडू येत होतं. इतके दिवस कुणालाही काहीही बोलायला तिला भीती वाटली नव्हती, कारण त्यात गमावण्यासारखं काही नव्हतंच. आज होतं.

ती बोर्डापासून दूर झाली आणि खाटेशी जाऊन बाबांच्या समोर उभी राहिली.

"बाबा, मी तो स्विच वर करणार नाही, आणि आईलाही करू देणार नाही. मेकॅनिक उद्या येईल, तोवर तो खालीच राहील. आपण तिघं आत्ता आत्याकडे जातोय. मी समोरच्या भालचंद्रकाकांना गाडी दारापर्यंत आणायला सांगते, आई औषधं घेईल. तुम्हाला माझ्यावर रागवायचं असेल तर आत्याच्या गार खोलीत बसून रागवा. मी ठरवलंय."