दुसऱ्यांची मानपत्रं

इब्रामपूरच्या विनोदिनीने अख्ख्या पेडणे तालुक्याची स्तुती बसल्या जागी ऐकलेली. ऐकणार नाही तर करते काय? नवरा गोकुळदास मानपत्रं लिहायचा. कुणी मास्तर निवृत्त झाला, कुणी सरपंच साठीला पोचला, की लोक याच्या दारात हजर. आणि याची सवय अशी, की सभेत वाचण्याआधी विनोदिनीला खुर्चीत बसवायचं, तिच्या खांद्यावर अंग पुसायचा तुवालो शालीसारखा घालायचा, आणि समोर उभं राहून तिलाच सगळं वाचून दाखवायचं. "आपण कर्तव्यदक्ष आहात, आपण निगर्वी आहात, आपल्या वाणीत मध आहे..." तिकडे चुलीवर माशांचं हुमण आटायचं आणि ही इकडे पोस्टमास्तर होऊन बसलेली. एकदा तर निवृत्त फौजदारसुद्धा झाली होती.

तिच्या स्वतःच्या नावाने मात्र एक ओळ नाही. तोंडाने मागायची म्हणजे हिला मरणच. आज ना उद्या म्हणेल, म्हणून बसली. गेल्या शिमग्यानंतर गोकुळदास गेला, तो ते आज आणि उद्या दोन्ही घेऊन गेला.

आता हिची पंचाहत्तरी झाली म्हणून महिला मंडळाने हिचाच सत्कार ठरवला. मानपत्राचं काम पुतण्या परेशकडे आलं. बँकेतला माणूस, पण लिहिण्याचं वळण काकाकडून घेतलेलं. आता सत्कारमूर्तीला मानपत्र आधी दाखवायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण या घरातून कुठलंही मानपत्र काकीसमोर वाचल्याशिवाय बाहेर पडलेलंच नाही. त्या सवयीने परेश कागद घेऊन आला, काकीच्या खांद्यावर तुवालो घातला, एक ओळ वाचली आणि जीभ चावली.

"मेल्या, आता थांबतंस कित्याक?" विनोदिनी म्हणाली. "वाच."

"आपण सोशीक आहात..."

"ता भिकाजीच्या बायलेक दिलेलां. फुडे."

"आपण मितभाषी..."

"कोण, मी? सभेत लोक हसान पडतले."

"आपण म्हणजे मायेचा अखंड झरा..."

"तो झरो फोंड्याच्या नर्सबाईक दिलो. दुसऱ्यान नेसलेलां लुगडां माका नेसवतंस?"

परेश रडकुंडीला आला. "काकी, मग तूच सांग. काका तुझ्याविषयी काय म्हणायचे? त्यांचंच वाक्य घालतो."

विनोदिनीने पदर सारखा केला. 'काही नाही' म्हणायला जीभ वळेना. जन्मात कुणाशी खोटं बोलली नव्हती. खरं बोलूनच निम्म्या गावाशी वाकडं झालेलं. पण पुतण्यासमोर रिकामा हात कसा उघडायचा? तिने घसा खाकरला आणि बोलायला लागली ती थेट गोकुळदासाच्या चालीत.

"लिही. 'तालुक्यातील थोरामोठ्यांचे गुण मी गायिले. परंतु जिच्या गुणांनी माझे घर उजळले, तिच्यापुढे माझे शब्द सदैव तोकडे पडले. म्हणून, हे विनोदिनी, मी मौन पाळले.'"

परेशने लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "हे कधी म्हणाले काका?"

"लिही म्हटलां मां? मग लिही."

रविवारी देवळाच्या सभामंडपात परेशने ते वाचलं. टाळ्या थांबेनात, बायका डोळे पुसायला लागल्या. विनोदिनी शाल पांघरून ताठ बसली होती आणि त्या वाक्यात कान लावून गोकुळदासाला शोधत होती. शब्द त्याचे, ठेवण त्याची, मध्येच श्वास घ्यायला थांबायचं ठिकाणसुद्धा त्याचं. तो मात्र कुठे सापडेना. सापडणार कसा? तिनेच तर रचलेलं. आता गावभर ते त्याचंच म्हणून चालणार, आणि त्याने खरं काय म्हटलं असतं याची जी एक जागा तिने इतकी वर्षं मोकळी ठेवली होती, ती आपल्याच हाताने बुजवून ती मोकळी झाली होती.

खाली उतरली तशी शेजारची तारा येऊन बिलगली. "नशीबवान गो तू! आमचो घोव 'जेवण वाढ'च्या फुडे कधी गेलो नाय. घरात पण असांच म्हणायचे ते तुका, 'हे विनोदिनी' म्हणान?"

"घरात?" विनोदिनीला हसू आलं आणि अर्ध्यावरच राहिलं. "घरात म्हणायचो, 'आयकलंस गो?' वाचून झालां की मान वर करून इतक्यांच. मी 'हां' म्हणीपर्यंत कागदाची घडी घालीत नसायचो."

"बस? इतक्यांच?"

"इतक्यांच," विनोदिनी म्हणाली, आणि खांद्यावरची शाल काढून तिने ताराच्या हातात दिली. "तितक्यांच एकदा परत म्हटल्यान, तर ही शाल, हो नारळ, तुमचो सगळो सत्कार देऊन टाकतंय."