तेरा नंबरचा खांब

हौशी माणसाइतका निर्दय माणूस जगात नाही. पगारी माणूस साडेपाचला खुर्ची सोडतो. हौशी माणूस तुम्हाला झोपेतून उठवून विचारतो, त्या सिग्नलचा खांब करडा होता की चंदेरी?

आगगाडी चालवायच्या संगणकी खेळाचा असाच एक हौशी गट होता, साडेतीनशे जणांचा. नाहूरच्या सुबोध पेडणेकरानं त्यांच्यासाठी एक नवा मार्ग रचायला घेतला आणि तेव्हापासून त्यांनी त्याचं डोकं खाल्लं होतं. मार्ग म्हणजे मूळ खेळाला जोडायचा तुकडा: घाटकोपर ते मुलुंड, धीमी लाइन, साल दोन हजार दहा. रूळ, फलाट, पूल, सिग्नल, सगळं त्यानं दोन वर्षं घरी बसून उभं केलेलं, आणि वाटणार होता फुकट. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. ही मंडळी दाढासुद्धा मोजत.

एकाला जुन्या गाडीचा भोंगा हवा होता, तोही किंचित घसा बसलेला. दुसऱ्याला गार्डाची घंटा हवी होती, दोन टोले म्हणजे सोड, एक म्हणजे थांब. तिसऱ्याचं म्हणणं, भांडुपच्या फलाटावरचा एक पंखा बंद दाखव, कारण तो कायम बंदच असायचा. बोरिवलीचा एक पठ्ठ्या म्हणाला, रुळाकडेच्या इमारतींच्या गॅलऱ्या ओक्याबोक्या दिसतात, कपडे वाळत घाल यार. सुबोधनं चारशे गॅलऱ्यांत कपडे वाळत घातले. त्यातली एक गॅलरी त्याच्या स्वतःच्या घराची, तिसऱ्या मजल्यावरची. तिथे त्यानं आईची हिरवी साडी टाकली आणि एकटाच हसला.

पण खरं सांगायचं तर सुबोधला ना भोंग्याचं वेड होतं ना पंख्याचं. त्याला बापाचं नाव धुऊन काढायचं होतं.

त्याचे वडील सहदेव पेडणेकर मोटरमन होते. दोन हजार दहाच्या जून महिन्यात, एका दुपारी, नाहूरच्या अलीकडे त्यांची गाडी लाल सिग्नल ओलांडून दोन डबे पुढे जाऊन थांबली. कोणाला खरचटलंही नाही. पण मोटरमनच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. गाडी गेली ती गेलीच, उरलेली नोकरी सहदेवांनी टेबलामागे काढली. चौकशीत त्यांनी सांगितलं होतं, "तेरा नंबरच्या खांबापाशी जाहिरातीचा फलक होता, त्याच्या आड सिग्नल दिसलाच नाही." रुळांच्या कडेला विजेच्या तारा धरून जे खांब उभे असतात, त्यांच्यावर नंबर असतात, त्यातला तेरावा. चौकशीत ते टिकलं नाही. घरात मात्र टिकलं. पेडणेकरांच्या घरात तेरा नंबरचा खांब कुलदैवतासारखा झाला. दर गणपतीला गावी चुलतकाका भाऊराव चारचौघांत म्हणायचे, "आमच्या सहदेवान तांबडो सिग्नल खाल्लो!" आणि माणसं हसायची. सहदेव खाली बघून मोदक मोडत बसायचे, आणि सुबोधच्या मस्तकात तिडीक जायची.

आता रविवारी दुपारी बारा वाजता मार्ग गटावर चढणार होता. त्याआधी पहिली फेरी बाबांच्या हातून करून घ्यायची, असं घरात ठरलं होतं. सुरुवातीलाच पाटी होती: "हा मार्ग निर्दोष मोटरमन सहदेव पेडणेकर यांना." आणि खाली आव्हान, या सिग्नलला गाडी थांबवून दाखवा. साडेतीनशे जण गाडी घेऊन जातील, साडेतीनशे जणांना फलकाआडचा सिग्नल दिसणार नाही, साडेतीनशे जण लाल खातील. मग भाऊरावकाकांच्या मोबाइलवर त्या खेळाचा व्हिडिओ स्वतः पाठवायचा, असं सुबोधनं ठरवलं होतं.

रविवारी सकाळी दहाला गटातल्या अपूर्वाचा फोन आला. ही मुलुंडची, दातांची डॉक्टर; दिवसभर माणसांच्या दाढा तपासायची आणि उरलेल्या वेळात सुबोधच्या रुळाखालचे स्लीपर मोजायची. सुबोधनं तिला तपासायला मार्ग आधीच दिला होता.

"अरे सुबोध, वाट लागली यार! तुझा तेरा नंबर चुकलाय."

"काय चुकलंय?"

"बाजू! आपल्या लाइनीच्या कडेला सगळे सम आकडे आहेत ना? दहा, बारा, चौदा. विषम पलीकडे, परतीच्या लाइनीला. तू बारा आणि चौदाच्या मधे तेरा ठोकलायस, घरांचे नंबर असल्यासारखा. आणि तो फलक पण पलीकडेच होता रे. माझ्या मामानं तेव्हा नाहूरच्या पुलावरून गाड्यांचा व्हिडिओ काढलाय, साबणाची जाहिरात स्वच्छ दिसते. पाठवते, बघ."

सुबोधनं बघितलं. पुन्हा बघितलं. मोटरमनचा मुलगा असून ही चूक! बापाचा शब्द इतका जपला की खांबाची बाजू तपासायची बुद्धीच झाली नव्हती. घरातून रूळ दिसत असते तर कधीच कळलं असतं, पण समोर बावीस मजली टॉवर उभा राहून दहा वर्षं झाली होती, आणि सिग्नलही केव्हाच हलवले होते.

त्यानं खांब उचलून उजवीकडे पलीकडच्या लाइनीला लावला, फलकही नेला, आणि गाडी सोडली. आठ नंबरच्या खांबापासून सिग्नल दिसायला लागला. दहाला दिसत होता. बाराला तर डोळ्यांत खुपेल इतका लाल. मधे काही नव्हतं. झाडाची फांदीसुद्धा नव्हती.

 बाबा खोटं बोलले? पंधरा वर्षं? देवासमोर, गणपतीसमोर? बरं, खोटंच बोलायचं तर तेरा कशाला? तीस वर्षं गाडी हाकलेला माणूस एकवेळ बायकोचं नाव विसरेल, पण सम-विषम विसरणार नाही. आपल्या बाजूचा बारा होता, चौदा होता. पलीकडचा तेरा त्यांच्या तोंडी आला कुठून?

त्यानं गाडी पुन्हा मागे नेली, पुन्हा सोडली, आणि या खेपेला मोटरमनची मान उजवीकडे वळवली. तेरा नंबरचा खांब आला. त्याच्या बरोब्बर मागे, चार रूळ ओलांडून, तिसऱ्या मजल्यावर हिरवी साडी वाऱ्यावर हलत होती.

सुबोधनं गाडी तिथेच थांबवली.

तो दिवस दहावीच्या निकालाचा होता. मोटरमनला गाडीत मोबाइल बंद ठेवावा लागतो, म्हणून बापलेकांनी आदल्या दिवशी ठरवलं होतं: पास झाला तर गॅलरीत आईची हिरवी साडी, नापास झाला तर लाल. रेल्वेवाल्याच्या घरातच असली टूम निघायची. सुबोधला एक्याऐंशी टक्के पडले. आणि अंगात आलेल्या मस्तीत त्यानं आधी लाल साडी टाकली होती. गंमत म्हणून. जेमतेम पाच मिनिटं. आईनं पाठीत धपाटा घालून ती काढायला लावली आणि हिरवी टाकली.

संध्याकाळी बाबा घरी आले ते काळवंडलेल्या चेहऱ्यानं. दारातच त्यांनी सुबोधच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होतं असं कधीकधी. पुन्हा नीट बसायचं." मग गाडीचं काय झालं ते सांगितलं. घरानं ते वाक्य त्यांनी स्वतःलाच म्हटलं असं धरलं. आईनं डोळे पुसत निकाल सांगितला, "अहो, एक्याऐंशी टक्के पडले त्याला," तेव्हा ते पायांतल्या बुटांसकट उंबऱ्यात बसले आणि ढसाढसा रडले. ते नोकरीसाठी, असंही घरानंच धरलं. सुबोधनं भीत भीत विचारलं होतं, "बाबा, साडी दिसली?" ते म्हणाले होते, "नाही रे. लक्षच नव्हतं गॅलरीकडे."

एवढ्या एका वाक्यावर सुबोध पंधरा वर्षं निर्धास्त झोपला होता.

"सुबोध! बाबांना बसवतोयस ना गाडीवर? माझं तिसऱ्यांचं कालवण होत आलंय," स्वयंपाकघरातून आईचा, रत्नप्रभाबाईंचा आवाज आला. सव्वाअकरा झाले होते. सुबोधनं काय केलं असेल? जे कोणीही भेदरलेला मुलगा करील तेच. फलक उचलून पुन्हा डावीकडे, होता तिथे, सिग्नलच्या आड लावला. खांबही. अपूर्वा गेली खड्ड्यात. बापाची लाज झाकायला एक फलक पुरत असेल तर पुरू दे.

सहदेव चष्मा पुसत आत आले. सदुसष्ट वर्षांचे, पाठ अजून ताठ. खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "ब्रेक कुठला? आणि घंटा?" सुबोधनं बटणं दाखवली. 

दोन टोले पडले. गाडी निघाली. विक्रोळी गेलं, कांजूर गेलं. म्हातारा चालवत होता, जणू सुट्टीवरून कालच परत आला होता. भांडुपला तो पुटपुटला, "तो पंखा बंदच असायचा. शाब्बास." सुबोधला रडू फुटायचं बाकी होतं.

भांडुप सुटलं. पुढे फलक दिसला आणि सहदेवांच्या कपाळाला आठी पडली.

"हा इथे कुठला? हा इथे नव्हता. पलीकडे होता तो." बोलून गेले आणि जीभ चावली.

गाडी पुढे सरकत होती.  फलकाच्या कडेनं लाल दिवा दिसला तसा सहदेवांनी अलगद ब्रेक लावला आणि गाडी हातभर अंतर राखून सिग्नलपाशी उभी केली. साडेतीनशे जणांना न दिसणारा सिग्नल त्या माणसाला दिसला होता. मग, गाडी पक्की थांबल्यावरच, त्यांनी पडद्यावरची मान उजवीकडे वळवली. बराच वेळ तिथेच ठेवली.

"हिरवी लावलीस होय," ते म्हणाले. "त्या दिवशी तांबडी होती."

सुबोधला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "बाबा, ती... मी गंमत केली होती. पाच मिनिटंच होती."

"तेवढ्यात माझी गाडी आली."

"तुम्ही म्हणालात, लक्ष नव्हतं!"

"मग काय म्हणायचं होतं? पंधरा वर्षांच्या पोराला सांगायचं, तुझ्यापायी माझी गाडी गेली? आणि तुझ्यापायी गेलीच नाही मुळी. तू साडी टाकलीस. मान मी वळवली." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चौकशीत विचारलं, कुठे बघत होता? डोळ्यांपुढे तो खांबच होता, तेरा नंबर. तोंडातून तेरा निघालं. मग काहीतरी जोडायला हवं, म्हणून फलक जोडला."

"भाऊरावकाका इतकी वर्षं हसले तुम्हाला."

"हसू दे. खाल्लाच होता तांबडा." मग म्हणाले, "सुरुवातीच्या पाटीवरचं ते 'निर्दोष' काढ. फलक त्याच्या जागी ने. आणि साडी तांबडी कर. तुम्हा लोकांना सगळं जसंच्या तसं लागतं ना? खरां तां खरां."

सुबोधनं माउसला हात लावला आणि काढून घेतला. मग त्यानं विचारलं.

"बाबा, त्या संध्याकाळी दारात म्हणालात, होतं असं कधीकधी, पुन्हा नीट बसायचं. ते कोणाला म्हणालात?"

सहदेवांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू असा बावळट प्रश्न त्यांना जन्मात कोणी विचारला नव्हता.

"नापास झालेल्या पोराला. आणखी कोणाला?"

"आणि मग... उंबऱ्यात बसून..."

"तुझी आई म्हणाली, एक्याऐंशी टक्के," सहदेव म्हणाले. "रडू नको तर काय करू रे?"