खेळ वगळता सगळं ठीक

सोमवारी सकाळी तपासनीस तिच्या टेबलाशी आला आणि मयताच्या घरी उभं राहावं तसा खाली मान घालून उभा राहिला.

"एक सांगायचंय. चिडणार नाहीस ना?"

"आधी सांग. चिडायचं की नाही ते मी बघते."

"गेम गेलाच नाही."

"कुठे?"

"लोकांकडे. अकरा दिवसांपूर्वी आपण नवीन आवृत्ती सोडली ना, तिच्यात जाहिराती गेल्या, नाणी गेली, भेटपेट्या गेल्या, पेटी उघडल्यावर नाचणारं अस्वल गेलं. गेमचं फोल्डर तेवढं राहिलं."

म्हणजे वरात गेली, वाजंत्री गेली, पंगती उठल्या आणि नवरदेव घरीच राहिला. यात तपासनिसाचा दोष नव्हता असं नाही. पण त्याच्याकडे दोनशे बारा कलमांची यादी होती. जाहिरात पूर्ण लागते का, नाणी खणखणतात का, अस्वल तालात नाचतं का, हे सगळं तो इमानेइतबारे बघायचा. दोनशे बारावं कलम होतं, 'गेम सुरू होतो का?' त्याचं उत्तर वर्षानुवर्षं 'होतो' असंच येत असल्याने त्याने तिथली खूण आधीच छापून घेतली होती.

या ऑफिसात बेचाळीस माणसं मिळून एक मोबाईल गेम बनवत. त्यातली चौदा जाहिरातींवर होती, दहा नाण्यांवर, नऊ भेटपेट्यांवर आणि आठ अस्वलावर. उरलेली एक गेमवर. ती एक म्हणजे ही. तिला सगळे टपालवाली म्हणत, कारण गेमचं नाव 'टपाल' होतं आणि तिचं नाव लक्षात ठेवण्याची गरज कुणाला पडली नव्हती.

खेळ साधा होता. चौकोनांच्या गल्ल्या, गल्ल्यांत घरं, एक पोस्टमन आणि काही कुत्री. पोस्टमनने एक पाऊल टाकलं की प्रत्येक कुत्रं त्याच्या दिशेने एक पाऊल टाकतं. कुत्र्यांनी गाठायच्या आत सगळ्या घरी पत्रं पोचवायची. ऐकायला पोरखेळ, पण अशा तीनशे पातळ्या तिने एकेक करून वहीत काढल्या होत्या, खोडल्या होत्या, परत काढल्या होत्या. तीनशेव्या पातळीला तर चार महिने गेले होते. त्या चार महिन्यांत अस्वलाला नवं जाकीट आलं होतं.

"मग गेले अकरा दिवस लोक करतायत काय?" तिने विचारलं.

तपासनिसाने फोन पुढे केला. तिने 'पुढची पातळी' दाबलं. जाहिरात लागली. जाहिरात संपली. 'शाबास! तुम्ही जिंकलात!' असं आलं, अस्वल नाचलं, पेटी उघडली, नाणी पडली आणि परत 'पुढची पातळी' हे बटण हजर झालं.

"तक्रारी किती?"

"एक."

तिच्या जिवात जीव आला. "काय म्हणतोय?"

"अस्वल थोडं हळू नाचतं म्हणतोय."

तासाभरात आलेखरावांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. आलेखराव म्हणजे मॅनेजर. बारशाच्या दिवशीही ते पाळण्यात कुठलातरी आलेख धरून झोपले असणार, असं ऑफिसात मानलं जाई. आताही भिंतीवर एक रेघ चढत होती.

"बघा," ते म्हणाले, "गेम काढल्यापासून लोक दुप्पट वेळ थांबतायत."

"काढला नाही, सर. राहिला."

"तो तुमचा विनय झाला. मी वर कळवताना 'काढला' असंच कळवलंय."

"सर, पण यात खेळच नाही. दर्जा पार मातीत गेलाय."

"गेला नाही, बदलला."

"दूध नासलं तर आपण दूध बदललं म्हणतो का?"

"दही झालं म्हणतो," आलेखराव म्हणाले. "पूर्वी लोकांना डोकं चालवायला लागायचं. आता लागत नाही. याला प्रगती म्हणतात. लिफ्टमध्ये उभं राहून तुम्ही जिन्यासाठी रडताय."

"लिफ्ट निदान वर तरी जाते, सर."

तपासनिसाला खोकला आला. आलेखरावांनी त्याच्याकडे न बघताच निकाल सांगितला. शुक्रवारपर्यंत एकाही खेळणाऱ्याने 'मला गेम हवाय' अशी तक्रार केली, तर फोल्डर परत जाईल. नाहीतर गेम विभाग बंद आणि विभाग, म्हणजे ती, अस्वलाकडे.

"आणि आई, मावशी, मैत्रिणी चालणार नाहीत," ते म्हणाले. "खरा खेळणारा हवा."

"आईने अजून डाउनलोडही केलेला नाही, सर," ती म्हणाली. हे खरं होतं, आणि आतापर्यंत तिला त्याचं वाईट वाटायचं.

मंगळवार आणि बुधवार तिने अभिप्राय वाचण्यात घालवले. 'मस्त', 'लई भारी', 'अस्वल आवडलं', 'बायको आणि मी दोघं मिळून अस्वल बघतो'. सव्वादोन हजार अभिप्राय झाले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण खडकावर कान लावून पाण्याचा आवाज ऐकतोय. मग तिने खेळणाऱ्यांची क्रमवारी उघडली. पहिल्या नंबरावर 'वस्तरा एक' नावाचा कुणीतरी होता. मागे एकदा पहिला आल्याबद्दल कंपनीने त्याला कप पाठवला होता, म्हणून पत्ताही होता. ज्याने तिच्या तीनशेच्या तीनशे पातळ्या सोडवल्या, त्याला तरी त्या आठवत असतील. त्यालाही नसतील तर मग अस्वलच बरं.

गुरुवारी दुपारी ती पत्त्यावर पोचली. ते केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि दुसरीवर गालभर फेस लावलेले एक काका. आरशाखालच्या फळीवर पावडरच्या डब्याला टेकून फोन उभा होता आणि त्यात अस्वल नाचत होतं.

"वस्तरा एक तुम्हीच का?" तिने विचारलं.

"मीच. दोन असा कुणी नाही," सलूनवाला म्हणाला. "कप तुम्हीच पाठवलात ना? त्यात मी ब्रश ठेवतो."

तिने स्वतःची ओळख सांगितली आणि श्वास रोखून विचारलं, "दादा, गेल्या दोन आठवड्यांत गेममध्ये काही वेगळं वाटलं का?"

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे... गेम नाही, असं?"

"काहीतरीच काय! कालच माझी पाच हजारावी पातळी झाली."

"गेममध्ये पातळ्याच तीनशे आहेत."

सलूनवाल्याने वस्तरा हवेतच थांबवला. "अरे वा," तो म्हणाला. "मग मी फारच पुढे गेलो की."

हळूहळू उलगडा झाला. नाण्यांच्या विभागाने मागे कधीतरी 'आपोआप' नावाचं बटण घातलं होतं. ते दाबलं की फोन स्वतःच खेळायचा. सलूनवाल्याने ते दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी दाबलं होतं आणि त्यानंतर फोनला फक्त चार्जर लावला होता.

"गिऱ्हाइकाला बरं वाटतं हो," तो म्हणाला. "दुकानात काहीतरी चालू आहे असं वाटतं."

"म्हणजे तुम्ही एकदाही खेळला नाहीत?"

"वेळ कुठाय, ताई? फोन खेळतो, मी दाढ्या करतो. कामाची वाटणी."

टपालवाली वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसली. रडू येतंय की हसू, हे ठरेना. शेवटी राग आला, कारण तो जवळच होता. ती उठली, काकांच्या गालावरून बोटभर फेस घेतला आणि आरशावर ओढायला लागली.

"अहो!" काका म्हणाले.

"थांबा, काका." आडव्या पाच रेघा, उभ्या पाच रेघा. सात घरांसाठी सात ठिपके, तीन कुत्र्यांसाठी तीन फुल्या. पोस्टमनसाठी एक गोळा. तीनशेवी पातळी. "हा पोस्टमन. हा एक पाऊल टाकतो, की कुत्री एकेक पाऊल टाकतात. बघू, पोचवा पत्रं."

"एवढंच ना?" म्हणून सलूनवाल्याने बोटाने गोळा सरकवला. तिने तिन्ही फुल्या पुसून एकेक चौकोन पुढे काढल्या. त्याने परत सरकवला. पाचव्या पावलाला पोस्टमन संपला.

"ही कुत्री चावरी दिसतात," तो म्हणाला. "परत मांडा."

दुसऱ्यांदा पोस्टमन सातव्या पावलाला गेला. तिसऱ्यांदा चौथ्याच. मग काका खुर्चीतून पुढे झुकले.

"अरे, सरळ घरात कशाला घुसतोस? त्या खालच्या कुत्र्याला आधी कोपऱ्यात ने."

"काका, मान हलवू नका, हातात वस्तरा आहे."

"ठेव तो वस्तरा! डावीकडे घे म्हणतो ना. डावीकडे! ही काय डावी बाजू झाली?"

"आरशात उलटं दिसतं, काका."

"आरशावर काढलंय, आरशात नाही. अकलेचा कांदा!"

चाळीस मिनिटं झाली. काकांचा एक गाल गुळगुळीत होता आणि दुसऱ्यावर फेस वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. मग सलूनवाल्याच्या लक्षात आलं की दोन कुत्री एकाच गल्लीत समोरासमोर आली की एकमेकांना अडवून बसतात. त्याने "हां!" असा आवाज काढला. सबंध ऑफिसातून असा आवाज तिने चार वर्षांत ऐकला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. तिने ते फेसाच्या वासावर ढकललं.

"दोन अडली," काका कुजबुजले, जणू कुत्र्यांना ऐकू जाईल. "तिसऱ्याचं काय?"

ते काही त्यांना सुटेना. तिनेही सांगितलं नाही.

"ताई," सलूनवाला आरशावरची नजर न काढता म्हणाला, "तुम्ही हे मोबाईलवर का नाही आणत?"

तिने हात जोडले आणि एवढंच म्हणाली, "तक्रार करा."

त्याने तिथल्या तिथे केली. 'मला गेम हवाय,' असं एका बोटाने टंकलं आणि पाठवलं. ती ऑफिसात परतली ती जवळजवळ नाचतच. अस्वलापेक्षा नक्कीच जोरात.

शुक्रवारी सकाळी ती बोलावण्याची वाट न बघता केबिनमध्ये गेली.

"तक्रार आली असेल, सर."

"आली," आलेखराव म्हणाले. "आणि मिटलीसुद्धा."

"मिटली म्हणजे? फोल्डर पाठवलं?"

"छे, फोल्डर कशाला? कुणीही तक्रार केली की आपली यंत्रणा त्याला आपोआप पाचशे नाणी पाठवते. गृहस्थाने नाणी घेतली, 'माझं समाधान झालं' वर बोट ठेवलं आणि पाच तारे दिले." ते भिंतीकडे वळले. "हे टोक दिसतंय ना वर गेलेलं? ते त्यांचंच."

दुपारपर्यंत तिचं टेबल अस्वलाकडे हलवण्यात आलं. पहिलं काम म्हणून तिला डावा पाय मिळाला.

शनिवारी सुट्टी होती. सलूनवाल्याला चार शब्द ऐकवायचे, असं ठरवून ती घरून निघाली. वाटेत शब्दांची संख्या चाळीसपर्यंत गेली. पण दुकानापाशी पोचली तर बाहेर अकरा माणसं रांगेत उभी. त्यातल्या चौघांच्या गालांवर दाढीचा मागमूस नव्हता. एकाच्या डोक्यावर तर केसही नव्हते. सगळे माना उंचावून काचेतून आत बघत होते.

ती रेटून आत शिरली. आरशावर तीनशेवी पातळी तशीच होती, फक्त फेसाऐवजी आता ती रंगाने नीट आखलेली होती आणि कुत्र्यांच्या जागी काळी बटणं चिकटवली होती. बाजूला पाटी होती: 'दाढी – २ खेळ्या. केस – बोटभर कापल्यास १ खेळी. मालिश केल्यास एक कुत्रा एक पाऊल मागे.' खुर्चीत परवाचेच काका होते. सलूनवाला त्यांच्या डोक्याला तेल चोळत होता.

"दादा, तक्रार मागे घेतलीत तुम्ही!"

"मागे कुठे घेतली? नाणी आली, मी घेतली. आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये."

"काय करणार त्या नाण्यांचं?"

"ते अजून कळलेलं नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण ताई, गेम तुमचा एक नंबर! माणसं वेडी झालीत. हे काका दोन दिवसांत चौथ्यांदा आलेत."

"पाचव्यांदा," काका म्हणाले. "सकाळी नखंही काढून घेतली."

"मग ही पाटी कशाला? खेळू दे की लोकांना."

सलूनवाल्याने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "ताई, नुसता गेम देऊन कसं चालेल? मग कापायचं काय?"

तेवढ्यात मालिश संपली आणि काका हात लांब करून पोस्टमनला वरच्या गल्लीकडे न्यायला लागले. वरची गल्ली म्हणजे मरण. चार महिने त्या एका गल्लीवर काढले होते तिने. तिथे गेलं की तिसरं कुत्रं मागच्या बाजूने येतं आणि सगळं संपतं.

"काका, थांबा! तिकडे नाही!" ती ओरडली आणि पुढे झाली.

सलूनवाल्याने टॉवेल आडवा धरला. "ताई, खेळी करायची तर रांगेतून यावं लागेल."

"अहो, गेम माझा आहे!"

"म्हणून तर तुम्हाला मध्ये घेतो. काका, उठा जरा, ताईंना बसू द्या. पण नियम सगळ्यांना सारखा. काहीतरी कापावं लागेल."

रांगेतली अकरा तोंडं काचेला चिकटली होती. काका कुरकुरत उठले. ती खुर्चीत बसली, आरशावरच्या गल्ल्यांकडे बघितलं, ओठ हलवत पावलं मोजली. इथून सुटायला बारा खेळ्या लागणार होत्या.

"थोडेच कापा," ती म्हणाली.

"थोड्यात एकच खेळी बसते," सलूनवाला म्हणाला.

तिने वेणी सोडायला घेतली.